मुठीत मावणारं मशीन

आमच्याकडे माणूस मेला की त्याची खाट घरात ठेवत नाहीत. तेरवी झाली की कोणाला तरी देऊन टाकतात. घेणारा नाही मिळाला तर घाटावर नेऊन ठेवतात, कोणी तरी उचलतं. गादी-उशी तर त्याच दिवशी जाते. बायकोची गादी गेली तेव्हा मी काही बोललो नाही. पण तेरवीचं जेवण आटोपल्यावर चार जण पलंगाला हात लावायला आले, तेव्हा मी जाऊन पलंगावर बसलो आणि उठलोच नाही.

बायकोची मोठी बहीण समोर उभी होती. तिला मी लग्न झाल्यापासून बाई म्हणतो. ती पण विधवाच आहे, माझ्या कितीतरी आधीपासून एकटी.

"उठा भाऊजी," ती म्हणाली. "लोकं पाहून राहिले."

"पाहू द्या."

"अशानं तिचा जीव अडकते. हे तुमच्यासाठी नाही, तिच्यासाठी हाय."

"तिचा जीव इथं अडकला असता तर मी एकटा बसलो असतो काय?"

मग तिनं त्या चौघांना बाहेर पाठवलं आणि दार लोटलं. म्हणाली, "ठेवा मंग. पण पलंग म्हणून नाही. याचं रूप बदला. बाकडं करा, पाट करा, काही करा. वर्षाच्या बरसीले मी येईन. तवा हा असाच दिसला तर हातगाडी संगंच आणीन. मंग बसा तुम्ही हातगाडीवर."

"बाक करतो," मी म्हणालो. तोंडाला आलं ते बोललो.

"कोण करन?"

"कोणी तरी करन."

मी खापरखेड्याच्या वीज केंद्रात फिटर होतो. शाळा चौथीपर्यंत. लोखंड कळतं, लाकूड कळत नाही. हा पलंग आम्ही कॉलनीत राहत होतो तेव्हा बायकोनं समोर बसून करून घेतला होता. एका पायात गाठ दिसली म्हणून तिनं तो पाय वाढयाकडून नव्यानं करून घेतला होता. वाढई म्हणजे आमच्याकडे सुतार. तो चिडला होता, म्हणाला, बाई, गाठ काय खाते तुम्हाले? ती म्हणाली, आज नाही खात, पण म्हातारपणी खाईन. निवृत्त झाल्यावर ट्रकच्या टपावर घालून पलंग नागपूरला आणला. धंतोलीतल्या दवाखान्यातून तिला घरी न्या म्हणाले, तेव्हापासून ती त्याच पलंगावर होती. गेली पण त्याच्यावरच.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक वाढई आहे. चांगला माणूस. मी त्याला घरी बोलावलं, पलंग दाखवला, म्हणालो अरुंद करून बाक करून दे. त्यानं उशाची फळी ठोकून पाहिली, खाली वाकून पाहिलं.

"माल सोनं हाय, काका," तो म्हणाला. "पण मी याले आरी लावत नाही."

"काहून?"

"काकू याच्यावरच गेल्या न. वर्ष सरू द्या, मंग पाहू. माया बापानंही नाही लावली कधी अशाले."

"वर्ष सरलं की पलंगच नाही राहत गा."

दुसऱ्या दोघांना विचारलं, त्यांनीही काही ना काही कारण सांगितलं. एक म्हणाला नेऊन टाका दुकानात, पाहू कधी होते ते. पलंग घराबाहेर जाऊ द्यायचाच नव्हता, मग त्याच्या दुकानात कसा टाकणार.

पोराला फोन केला. पोरगा बाहेरगावी नोकरीला आहे. तो म्हणाला, "बाबा, मी तुम्हाले नवा बाक ऑनलाइन मागवून देतो. मस्त येतेत आजकाल."

मी म्हणालो, "त्याच्यावर तुझी माय निजलेली येते काय?"

तो म्हणाला, बाबा, जेवले काय. पोरांना दुसरं काही सुचत नाही.

तेव्हा मी स्वतःच करायचं ठरवलं. हिय्या वगैरे काही नव्हता त्यात, दुसरा रस्ताच नव्हता. बरसी जवळ येत होती. बाई बोलते तसं करते, मला माहीत आहे. हातगाडी आली असती.

करवतीचं काम कसंबसं झालं. पलंग वरांड्यात ओढला, आडवी लाकडं कापून तो बाकाच्या रुंदीचा केला. काप वेडेवाकडे झाले, पण झाले. अडलं ते खाचांपाशी. बाकाला बसायच्या फळ्या लागतात, त्या दोन्ही बाजूंच्या लांब पाट्यांत बसवायच्या. त्यासाठी पाटीच्या आतल्या वरच्या कडेला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खाच पाडायची. खिळे मला ठोकायचे नव्हते. जुनं वाळलेलं सागवान खिळ्यानं फाटतं, आणि तिच्या पलंगावर हातोडा मारणं माझ्याच्यानं झालं नसतं.

एका फालतू लाकडावर पटाशी चालवून पाहिली. माझे हात हलतात. आधीपासून थोडे हलायचे, ती गेल्यावर जास्त हलायला लागले. पटाशी सटकली आणि अंगठ्यात गेली. मी नळाखाली अंगठा धरून उभा राहिलो. घरात कोणी ओरडलं नाही, कोणी हळदीचा डबा शोधला नाही. रक्त थांबेपर्यंत नळ चालूच ठेवला. टाकी रिकामी झाली.

वाढयानं जाता जाता अंगठ्याला बांधलेली पट्टी पाहिली.

"पटाशी तुमच्या कामाची नाही, काका. बोट जाईन. ट्रिमर घ्या."

"ते काय असते?"

"छोटा राउटर. खाली सपाट तळ असते, तो लाकडावर ठेवाचा. मधातून बिट फिरते, ते खाच पाडते. हात हलला तरी तळ लाकडावरच बसून राहते. तुमचं हलणं लाकडात उतरत नाही." मग म्हणाला, "मोठा राउटर नका घेऊ. तो तुम्हालेच ओढून नेईन."

एवढं मला पटलं. हलणाऱ्या हाताला टेकायला तळ पाहिजे.

मग मी फोनवर व्हिडिओ पाहायला लागलो. एकाचा पाहिला की दहा येतात. कोणी म्हणतं वॅट पाहा, कोणी म्हणतं वेग कमी-जास्त करायचं चाक पाहिजेच, कोणी म्हणतं बॅटरीचंच घ्या, वायरची कटकट नाही. सगळ्यांच्या मागे भिंतीला अवजारं टांगलेली, सगळे हसत असतात, सगळ्यांचे हात स्थिर. एकानं सांगितलं नाही की हात हलत असेल तर कोणतं घ्यावं. एकानं तर कुत्र्यासाठी घर बनवलं, त्याला गोल कडा दिल्या. मी तो सगळा पाहिला. कूलर चालू होता, तिच्या पलंगाच्या बाजूची भिंत रिकामी होती, आणि मी कुत्र्याचं घर पाहत होतो.

शेवटी इतवारीत गेलो, लोहाओळीत. ऊन इतकं होतं की दुकानदार शटर अर्धं ओढून आत बसले होते. एका दुकानात शिरलो. मालक जाडजूड, तोंडात तंबाखूचा खर्रा, बोलताना हनुवटी वर करून बोलायचा म्हणजे रस सांडत नाही.

"बोला काका, काय देऊ?"

"ट्रिमर दाखवा. छोटा राउटर."

"वाढई हाय काय तुम्ही?"

"नाही."

"मंग घरी शौक?"

मी त्याच्या मागच्या मशीनांकडे बोट दाखवलं. शौक म्हणालो असतो तर जीभ झडली असती.

त्यानं काउंटरवर एकेक काढून ठेवले. आता माझी खोड सांगतो. वीज केंद्रात आम्ही कोणतीही चीज आधी हातात तोलायचो. हलकी लागली की म्हणायचो, नकली आहे, ठेव. जड ते चांगलं, हे आमच्या हाडात बसलेलं. म्हणून मी सगळ्यात जड होतं ते उचललं. दोन मुठींचं मोठं मशीन होतं, ट्रिमर नव्हतंच, शेजारी ठेवलं होतं. वाढयानं नको म्हटलेलं तेच.

"हे द्या," मी म्हणालो.

"चालवून तर पाहा." त्यानं प्लायवूडचा एक तुकडा काउंटरवर ठेवला, बिट लावून दिलं. मी बटण दाबलं. मशीननं झटका दिला आणि माझे दोन्ही हात कोपरापासून हलायला लागले. प्लायवूडवर जी रेघ पडली ती साप गेल्यासारखी.

त्यानं बटण बंद केलं.

"हात हलते तुमचा, काका."

"तुमचं तोंड हलते, मी काही म्हटलं?"

तो खो खो हसला, मग पिंकदाणी शोधायला वाकला. परत आला तेव्हा आवाज नरम होता. "हे तीन पाहा. घाई नाही. उन्हाचं कोणी येत नाही."

पहिलं बॅटरीचं होतं. बॅटरी वर लावलेली, त्यानं डोकं जड झालेलं. उभं धरलं की एका बाजूला कलंडायचं. हलणाऱ्या हाताला ते बरं नाही. ठेवून दिलं.

दुसऱ्याचं बटण पार वर होतं. बंद करायचं तर एक हात सोडावा लागायचा. मी म्हणालो, घाबरल्यावर माणूस हात सोडत नाही, आवळतो. बटण अंगठ्याखाली पाहिजे. दुकानदार म्हणाला, हे कोणी सांगितलं नव्हतं आजवर. मी म्हणालो, तुमच्याकडे घाबरणारे येत नसतील.

तिसरं बारीक अंगाचं होतं, वायरचं. मी फिटरसारखं पाहिलं. बिट धरतात तो दांडा बोटानं हलवून पाहिला, जराही ढिला नव्हता. खोली ठरवायचा स्क्रू आवळला आणि तळ जोरानं दाबला, सरकला नाही. तळ पारदर्शक होता, बिट कुठे फिरतं ते दिसायचं. वेगाचं चाक होतं. कडेला धरून सरळ चालायची पट्टी सोबत होती. सगळं ठीक होतं, पण हलकं होतं, आणि हलक्यावर माझा विश्वास बसत नव्हता.

म्हणून मी ते मुठीत घट्ट धरलं. माझा अंगठा आणि मधलं बोट पलीकडून एकमेकांना टेकले.

शेवटी शेवटी तिचा दंड असाच झाला होता. धडधाकट बाई होती. कॉलनीत दोन घागरी घेऊन जिना चढायची. तो दंड माझ्या मुठीत कधी आला नाही. मग आजारात एकदा तिला उठवताना मी दंडाला धरलं आणि माझी बोटं टेकली. तिला कळलं. ती म्हणाली, काय पाहता, बारीक झाली तर बरं न, उचलाले सोपी. नंतर रोज तिथंच धरायचो. तिचं वजन हातावर आलं की माझा हात हलायचा थांबायचा.

"काय झालं, काका?" दुकानदार म्हणाला. "बसा. पाणी देऊ?"

"नाही. हे चालवून पाहतो."

तळ प्लायवूडवर टेकवला, अंगठ्यानं बटण सरकवलं. मशीन किंचाळलं. रेघ सरळ गेली. अगदी सरळ नाही, पण साप नव्हता.

"याच्यापेक्षा दुसऱ्या कंपनीचं—"

"हेच द्या."

घरी आलो आणि पहिल्याच दिवशी घोटाळा केला. लोखंड कापलेल्या माणसाला लाकूड म्हणजे लोणी वाटतं. खाच जेवढी खोल पाहिजे होती तेवढं बिट मी एकदमच खाली काढलं आणि मशीन घातलं. ते धुमसलं, काळा धूर आला, मग उडी मारून बाजूला पळालं. पायथ्याकडची फळी आधी घेतली होती, तिचा एक लचका तोडून घेऊन गेलं. जळक्या सागवानाचा वास घरभर झाला. मी वरांड्यात त्या फळीशेजारी बसून राहिलो. ही फळी तिनं निवडलेली. आता हातगाडीच्याही लायकीची राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी वाढयाला दाखवली. तो म्हणाला, "एका घासात जेवता काय तुम्ही? थोडं थोडं खाऊ द्या त्याले. एक फेरी, मंग जराक खाली, मंग दुसरी फेरी. आणि ते जिकडे फिरते त्याच्या उलट ढकला, नाही तर पळणारच."

तसं केलं. मागच्या पाटीची खाच झाली. मागच्या पायांत उशाच्या फळीसाठी खोबण्या झाल्या, पाठीला टेकायला. चांगलं झालं असं म्हणणार नाही, पण बसलं. फक्त पुढची पाटी मी बाजूला ठेवली होती.

बरसीच्या आधीच बाई आली. म्हणाली घर झाडून घ्यायचं आहे, लोक येतील. पिशवी ठेवली आणि सरळ वरांड्यात गेली.

"हे काय हाय?"

"बाक."

"चार पाये, दोन पाट्या, आडवी लाकडं. माया डोयाले तर पलंगच दिसून राहिला. जराक वाळला, एवढंच."

"फळ्या बसल्या की बाक दिसन."

"मंग बसवा न."

"एक पाटी राहिली."

"काहून राहिली?"

ती खाली बसली आणि त्या पाटीवरून हात फिरवत गेली, धूळ झटकल्यासारखा. उशाच्या बाजूला हात थांबला. तिथं कड झिजून गोल झाली होती आणि काळी पडली होती. बायको उठताना तिथं धरायची. चार बोटं आतल्या कडेवर, अंगठा बाहेरून. तेल, बाम, घाम, सगळं मुरलेलं. बाईची बोटं त्या जागी बसली. दोघी बहिणींचे हात सारखेच होते.

"हे तिच्या हातचं हाय," ती म्हणाली.

"हो."

"खाच इथूनच जाते?"

"इथूनच. पाटी उलटी केली तर पायांत बसत नाही. पाहिलं सगळं करून."

मी तिच्यासमोर खाली बसलो आणि हात जोडले. कधी तिच्यासमोर हात जोडले नव्हते, आमचं नातं टोमण्यांचं. म्हणालो, "बाई, एवढं राहू द्या. फळ्या नाही बसवत. असंच पडू द्या कोपऱ्यात. पलंग नाही, बाकही नाही."

"मी का तिची वैरीण हाय, भाऊजी?" ती म्हणाली. "मले नाही वाटत काय ठेवावं म्हणून? तिचं एक लुगडं ठेवलं नाही मी घरात. अर्धवट ठेवसान तर ती अर्धवट राहीन. ना इकडची ना तिकडची."

"आणि मी?"

"तुम्ही काय?"

"मी कसा राहू?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. "राहतेत लोकं," ती म्हणाली. "मी राहिली न."

मी म्हणालो, "तुम्हाले कसं जमलं ते सांगा, मी तसं करतो."

"जमलं कोण म्हणते?"

मग ती उठली, पाटीच्या एका टोकावर जाऊन बसली, पाटी हलू नये म्हणून. "चालवा ते," म्हणाली.

मी मशीन घेतलं. नाही चालवलं असतं तर सगळाच पलंग गेला असता, आणि चालवलं तर ती चार बोटांची जागा जाणार होती. याच्यात निवडण्यासारखं काही नव्हतं, पण निवडावं लागलं. बटण सरकवलं. टोकापासून सुरुवात केली आणि ढकलत नेलं. ती जागा आली तेव्हा थांबायला जागाच नव्हती. थांबलं की लाकूड जळतं. पुढे गेलो. एका फेरीत गेलं नाही. थोडं थोडं खाऊ द्यावं लागतं, तसंच खाऊ दिलं. प्रत्येक फेरीला काळा रंग कमी व्हायचा, खालून पिवळं लाकूड वर यायचं, नवं, कालच कापल्यासारखं. हात हलला नाही. हलला असता तर बरं वाटलं असतं.

मशीन बंद केलं तेव्हा कानात शिट्टी वाजत होती. बाईनं पदर पसरला आणि त्या जागेखाली पडलेला भुसा गोळा केला. तिथला काळपट होता, बाकीचा पिवळा. तिनं काळपट तेवढाच वेचला, बोटानं, तांदळातले खडे वेचावे तसा, आणि गाठ मारली.

"हे मी घाटावर सोडीन," ती म्हणाली. "हातगाडी नाही लागत आता."

चिमूटभर मला द्या म्हणावं असं फार मनात आलं. म्हटलं नाही. दिला असता तर परत तेच झालं असतं.

फळ्या खाचेत बसल्या. लचका तुटलेली फळी खालच्या बाजूला घातली, दिसत नाही. बरसीला लोक आले. पोरगा आला, सून आली. बाक वरांड्यात होता, त्याच्यावर माणसं बसली, ताटं ठेवली. कोणी तरी कडेवरून हात फिरवून म्हणालं, कोणत्या वाढयानं केला, हात चांगला हाय. बाई म्हणाली, "आमच्या जवायानं केला." तिच्या तोंडून माझ्याबद्दल असं मी पहिल्यांदा ऐकलं.

मी उभा होतो. पोरगा सरकला, म्हणाला, "बसा न बाबा, जागा हाय."

मी म्हणालो, पाणी आणतो. आत गेलो आणि जिथं पलंग होता तिथं, भिंतीला पाठ लावून, फरशीवर बसलो. बाहेरून कोणी तरी पाणी मागितलं, थोड्या वेळानं पुन्हा मागितलं. मग बाई उठल्याचा आवाज आला आणि तिनंच माठातून पाणी काढून नेलं. माझ्याजवळून गेली, पण उठा म्हणाली नाही.